अनुबंध, निवासी शाळा आणि प्रौढांची व्यामिश्र विचारक्षमता : आलापल्ली वनपरिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

गोषवारा

बालपणी निर्माण होणारे भावनिक अनुबंध आणि प्रौढपणी दिसणारी व्यामिश्र विचारक्षमता यांचा संबंध गेल्या अर्धशतकात मानसशास्त्राने विस्ताराने अभ्यासला आहे. हा अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य नागर कुटुंबाच्या चौकटीत झाला. प्रस्तुत शोधनिबंधात गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली वनपरिसर केंद्रस्थानी ठेवून आदिवासी बालकांच्या शालेय शिक्षणाचा इतिहास या सिद्धांताच्या प्रकाशात तपासला आहे. मार्लवाई, बोर्डी-कोसबाड आणि निवासी आश्रमशाळा या तीन शैक्षणिक प्रारूपांची तुलना केली असता असे आढळून येते की, निवासी शाळेने घडविलेला वियोग दुहेरी होता. तो माणसांपासूनचा होता, तसाच भाषेपासूनचाही होता. पहिला वियोग सुट्टीत भरून निघत असे. दुसरा बहुधा भरून निघाला नाही. प्रौढपणी स्वतःच्या आयुष्याचा सुसंगत विचार करण्याच्या दृष्टीने हा दुसरा वियोग अधिक महत्त्वाचा ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अनुबंध शैली, व्यामिश्र विचार, आश्रमशाळा, माडिया गोंड, गोटूल, कुरणशाळा, मातृभाषा, आलापल्ली.

१. प्रस्तावना

चंद्रपूरकडून दक्षिणेकडे येणारा रस्ता आलापल्लीला पोहोचला की त्याला फाटे फुटतात. एक एटापल्लीकडे, दुसरा भामरागडकडे आणि तिसरा सिरोंच्याकडे जातो. पूर्वीच्या अहेरी जमीनदारीचा हा वनप्रदेश सागवानासाठी प्रसिद्ध आहे. येथील नैसर्गिक वनाचा एक भाग अनेक दशके तोडीपासून राखून ठेवला गेला आणि 'आलापल्लीचे वनवैभव' या नावाने २०१४ मध्ये तो महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. हा परिसर १९५६ पर्यंत मध्य प्रांत व पुढे मध्य प्रदेश या राज्यात, १९५६ ते १९६० या काळात द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला.

आलापल्लीच्या पलीकडील गावे लहान, विरळ आणि नद्यानाल्यांनी वेगळी झालेली आहेत. त्यांतील बहुसंख्य वस्ती माडिया गोंडांची आहे. कोलाम व कातकरी यांच्यासह माडिया गोंड ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी जमात म्हणून नोंदली गेली आहे. माडिया ही द्राविड कुळातील गोंडीची एक बोली असून मराठीशी तिचे कौटुंबिक नाते नाही. प्रत्येक वस्तीत शाळा देणे शक्य नाही, म्हणून मुलांना शाळेपाशी आणून ठेवावे, या विचारातून निवासी आश्रमशाळेचे धोरण या भागात रुजले. या धोरणाची चर्चा आजवर अंतर, पटसंख्या, इमारत, आहार आणि निकाल या परिमाणांनी झाली. सहा वर्षांचे मूल घरापासून दूर राहते तेव्हा त्याच्या मनाच्या घडणीत काय बदलते, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच आला. प्रस्तुत निबंधाचा तोच विषय आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) अनुबंध सिद्धांताच्या विकासाचा आणि प्रौढांच्या विचारक्षमतेशी असलेल्या त्याच्या संबंधाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) आलापल्ली व समदृश आदिवासी परिसरांतील शैक्षणिक प्रारूपांचा अनुबंधाच्या दृष्टीने विचार करणे.
३) निवासी शिक्षणातील वियोगाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्यावरून धोरणविषयक निष्कर्ष काढणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रकाशित साधनांवर आधारित आहे. इंग्रजीतील 'अटॅचमेंट' या संज्ञेसाठी मराठी मानसशास्त्रीय लेखनात 'आसक्ती', 'अनुबंध' असे पर्याय आढळतात. 'आसक्ती' या शब्दाला मराठीत विकाराची छटा असल्याने येथे 'अनुबंध' ही संज्ञा स्वीकारली आहे. लौकिक मराठीत यालाच 'लळा' म्हणतात. लळा लागतो आणि लळा लावलाही जातो. तो देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही बाजूंनी घडतो, हे या शब्दात आधीच अंतर्भूत आहे.

३. अनुबंध सिद्धांताचा विकास

या सिद्धांताचा उगम युद्धकाळातील एका शासकीय निर्णयाशी निगडित आहे. १९३९ मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटिश शासनाने शहरांतील लाखो मुलांना ग्रामीण भागात हलविले. हेतू मुलांच्या रक्षणाचा होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून पाच वर्षांखालील मुलांना आईपासून दूर ठेवण्यातील मानसिक धोक्याकडे लक्ष वेधले. कल्याणाच्या हेतूने केलेला वियोगही वियोगच असतो, ही जाणीव या पत्रात आढळते.

बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृसंगोपन व मानसिक आरोग्य यांवरील अहवाल लिहिला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण करून वियोगाच्या तीन अवस्था सांगितल्या : प्रतिकार, नैराश्य आणि अलिप्तता. तिसऱ्या अवस्थेतील मूल शांत, आज्ञाधारक व रुळलेले दिसते. रुग्णालयाचे कर्मचारी त्यालाच सुधारणा समजत असत. संस्थात्मक संगोपनाच्या इतिहासात हे निरीक्षण अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण रुळलेले मूल आणि आशा सोडलेले मूल बाहेरून सारखेच दिसू शकतात.

मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील गांडा समाजात आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माता-बालकांचा अभ्यास केला. बाल्टिमोरच्या अभ्यासातून 'अनोळखी प्रसंग' ही निरीक्षणपद्धती विकसित झाली. तिच्या आधारे सुरक्षित, परिहारी आणि द्विधाग्रस्त अशा तीन अनुबंध शैली सांगण्यात आल्या. पुढे मेरी मेन व ज्युडिथ सॉलोमन यांनी 'विस्कळीत' हा चौथा प्रकार जोडला. आई मुलाजवळ किती तास असते यापेक्षा ती त्याच्या संकेतांना कसा प्रतिसाद देते, यावर सुरक्षितता अवलंबून असल्याचे एन्सवर्थ यांचे प्रतिपादन होते. ज्या मुलाला परतण्याची खात्री असते, तेच मूल धिटाईने दूर जाते. अशा खात्रीच्या जागेला 'सुरक्षित आधारस्थान' म्हटले जाते.

या सिद्धांतावर मानवशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. मार्गारेट मीड यांनी १९६२ मध्येच आईच्या अनन्य सहवासावरील भर हा विशिष्ट समाजाचा पूर्वग्रह असल्याचे सूचित केले होते. १९८८ मध्ये मारिनुस व्हान आयझेनडोर्न व पीटर क्रोननबर्ग यांनी आठ देशांतील ३२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात देशादेशांतील फरकापेक्षा एकाच देशांतर्गत फरक अधिक असल्याचे दिसून आले. सेरा हर्डी यांनी २००९ च्या ग्रंथात मानवी मूल उत्क्रांतीच्या प्रवासात अनेकांच्या हातांत वाढल्याचे प्रतिपादन केले. भारतीय संदर्भात सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये बालपणाच्या मानसिक घडणीचा विचार विस्तारित कुटुंबाच्या पार्श्वभूमीवर मांडला. त्यामुळे अनुबंध म्हणजे आई आणि मूल यांच्यातील एकच धागा, असे मानता येत नाही. अनेक समाजांत त्याचे स्वरूप विणलेल्या जाळ्यासारखे असते.

४. अनुबंध आणि प्रौढांची व्यामिश्र विचारक्षमता

जाँ पियाजे यांच्या मते औपचारिक तर्काची अवस्था किशोरवयात येते. विचारांचा विकास तेथेच थांबतो काय, हा प्रश्न पुढील अभ्यासकांनी उपस्थित केला. विल्यम पेरी यांनी १९७० मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासातून 'एकच बरोबर उत्तर' येथून सुरू होऊन सापेक्षतेतून जाणीवपूर्वक बांधिलकीकडे जाणारा क्रम मांडला. क्लाऊस रीगल यांनी १९७३ मध्ये प्रौढ विचाराचे लक्षण म्हणून द्वंद्वात्मकतेचा, म्हणजे विरोध मिटविण्याची घाई न करता तो पेलण्याच्या क्षमतेचा, निर्देश केला. रॉबर्ट केगन यांनी १९८२ मध्ये याच विकासाची मांडणी स्वत्वाच्या घडणीशी जोडून केली.

प्रौढांच्या अनुबंध शैलींचा अभ्यास याच दशकात सुरू झाला. सिंडी हेझन व फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये बालकांच्या तीन शैलींचे प्रतिरूप प्रौढांच्या प्रेमसंबंधांत शोधले. मारियो मिकुलिन्सर यांनी १९९७ मध्ये अनुबंध शैली व माहितीवरील प्रक्रिया यांचा संबंध तपासला. सुरक्षित शैलीच्या व्यक्ती अधिक जिज्ञासू असतात आणि नवी माहिती समोर आल्यावर पूर्वीचे मत बदलण्यास अधिक तयार असतात, असे त्यांना आढळले. मत बदलणे म्हणजे काही काळ अनिश्चिततेत राहणे होय. ज्याच्या मनाला आधार आहे, त्याला ही अनिश्चितता सोसते.

या संदर्भात मेरी मेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेले प्रौढ अनुबंध मुलाखतीचे निष्कर्ष सर्वाधिक उपयुक्त आहेत. या मुलाखतीत प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या बालपणाविषयी विचारले जाते. मात्र मूल्यमापन बालपण किती सुखाचे होते याचे होत नाही. ते कथनाच्या सुसंगततेचे होते. ज्याचे बालपण कष्टाचे गेले, पण जो त्यातील प्रेम व दुःख या दोहोंना जागा देऊन सुसूत्र बोलू शकतो, तो सुरक्षित गणला जातो. सर्व काही उत्तम होते एवढेच सांगून एकही प्रसंग आठवू न शकणारा तसा गणला जात नाही. पीटर फोनागी यांनी १९९१ पासून विकसित केलेली मनोबोधाची संकल्पना याच दिशेची आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वर्तनामागील मन ओळखण्याची ती क्षमता होय.

यातून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, बालपणीचा वियोग ही आयुष्यभराची शिक्षा नाही. पुढे मिळालेली विश्वासाची माणसे आणि चिंतन यांद्वारे सुरक्षितता अर्जित करता येते. दुसरी, हे अर्जन कथनातून होते आणि कथनाला भाषा लागते. ज्या भाषेत बालपण घडले, ती भाषा प्रौढपणी विचारासाठी उपलब्ध असणे त्यामुळे आवश्यक ठरते. आलापल्ली परिसराचा शैक्षणिक इतिहास याच दुसऱ्या बाबीच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

५. गाव, गोटूल आणि संगोपनाचे जाळे

माडिया व मुरिया गोंडांच्या जीवनाची दोन महत्त्वाची वर्णने वसाहतकाळात लिहिली गेली. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचा बस्तरमधील मारिया गोंडांवरील ग्रंथ १९३८ मध्ये, तर व्हेरियर एल्विन यांचा मुरिया व त्यांच्या गोटूलावरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. एल्विन यांच्या ग्रंथामुळे गोटूल म्हणजे युवक-युवतींचे एकत्र शयनगृह अशी प्रतिमा रूढ झाली आणि ती सरसकट सर्व गोंडांना लावली गेली. ग्रिगसन यांच्या नोंदीनुसार डोंगरी मारियांमध्ये अविवाहित मुली गोटूलात झोपत नसत. तेथे ते अविवाहित तरुणांचे निवासस्थान होते. भामरागड-एटापल्ली भागात पाहुण्यांचा मुक्काम, गावाची बैठक आणि निवाडा यांचे स्थान म्हणूनही गोटूलाला महत्त्व आहे.

अनुबंधाच्या दृष्टीने येथे लक्षणीय गोष्ट अशी की, रात्री घराबाहेर झोपणारा माडिया किशोर वियोगात नसे. त्याचे घर हाकेच्या अंतरावर असे. भोवतीची माणसे ओळखीची असत, भाषा तीच असे आणि दिवसा तो आईवडिलांसोबत शेतात व जंगलात असे. दूर जाणे आणि परतणे ही दोन्ही कृत्ये रोज घडत. म्हणून गोटूल व वसतिगृह यांत 'मुले घराबाहेर राहतात' एवढेच साम्य आहे. आश्रमशाळा ही आदिवासी परंपरेशी जुळणारी व्यवस्था आहे, असा युक्तिवाद या वरवरच्या साम्यावर करता येत नाही.

या समाजात लहान मूल आईखेरीज आजी, मोठी बहीण आणि शेजारच्या बायका यांच्या कडेवर वाढते. शेतीच्या व मोहफुले वेचण्याच्या हंगामात सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाची प्रमुख सांभाळकर्ती असते. अशा मुलीला शाळेत पाठविण्याचा निर्णय म्हणूनच एका मुलापुरता राहत नाही. तिच्यासोबत तान्ह्या मुलाच्याही संगोपनाची घडी बदलते.

६. शिक्षणाची तीन प्रारूपे

६.१ मार्लवाई (१९४३) : अहेरीपासून प्राणहिता ओलांडली की पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्हा लागत असे. १९४० मध्ये कुमराम भीम यांचा उठाव चिरडला गेल्यानंतर निजामाच्या शासनाने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. त्यातून १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड तरुणांसाठी शिक्षक प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली आणि प्रशिक्षित गोंड तरुण आपल्याच भागातील गावांत शिक्षक झाले. या प्रारूपात प्रशिक्षणासाठी प्रौढाने घर सोडले, बालकाने नव्हे. शाळेतील पहिला आवाज मुलाच्या ओळखीच्या भाषेतला होता. भाषावार प्रांतरचनेनंतर हा प्रदेश आंध्र प्रदेशात गेला आणि आज तो तेलंगणात आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या तशी शाळेची भाषाही बदलली आणि या प्रयोगाचा विस्तार झाला नाही.

६.२ बोर्डी व कोसबाड (१९४५ व १९५७) : ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडीत आदिवासी पाड्यांवरील मुले येत नाहीत, हे लक्षात आल्यावर बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना या अनुभवातून आली. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने पुढे हाच शब्द स्वीकारला.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थलांतरित झाले. तेथील वारली मुलांपैकी काही गुरे राखत, तर काही मुली भावंडे सांभाळत. गुराख्यांसाठी चराईच्या जागी भरणारी कुरणशाळा सुरू झाली. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी आकारास आली. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण शेजारच्या वर्गात, अशी ही रचना होती. बोल्बी यांचा सिद्धांत तेव्हा पूर्णपणे मांडलाही गेला नव्हता. तरीही मुलाला शाळेत आणताना त्याचे अनुबंध तोडू नयेत, ते सोबत आणावेत, हे तत्त्व येथे प्रत्यक्ष व्यवहारात सिद्ध झाले होते. बालशिक्षणाच्या इतिहासात याचे श्रेय पुरेसे दिले गेलेले नाही.

६.३ आश्रमशाळा : ठक्कर बाप्पा यांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले. त्यांच्या कार्यातून आणि गांधीप्रणीत आश्रमजीवनाच्या आदर्शातून आदिवासी मुलांसाठी निवासी शाळेची कल्पना पुढे आली. मूळ कल्पनेत 'आश्रम' या शब्दाला अर्थ होता. शिक्षक व मुले एकत्र राहतील, श्रम करतील आणि शिक्षक पालकस्थानी असेल, असे त्यात अभिप्रेत होते. मुंबई राज्यात १९५३-५४ पासून शासनमान्य आश्रमशाळा सुरू झाल्या. पुढे १९६१ च्या ढेबर आयोगानेही विरळ वस्तीच्या आदिवासी भागांसाठी अशा शाळांचा पुरस्कार केला. १९७० च्या दशकात महाराष्ट्र शासनाने आश्रमशाळांचा मोठा विस्तार केला. मात्र विस्ताराबरोबर आश्रम मागे पडला आणि शाळा व वसतिगृह उरले. शिक्षकाची बदली होऊ लागली. अधीक्षक, स्वयंपाकी व कामाठी ही पदे निर्माण झाली, परंतु लहान मुलाला कुशीत घेणारे माणूस कोणत्याही पदाच्या कर्तव्यसूचीत स्पष्टपणे आले नाही. पहिलीतील मुलाला आणि दहावीतील मुलाला एकाच व्यवस्थेने वागविले जाऊ लागले.

या व्यवस्थेचे योगदान नाकारता येणार नाही. जेथे दुसरा पर्याय नव्हता, तेथे तिने अक्षरओळख, नियमित अन्न आणि नोकरीची वाट दिली. या जिल्ह्यातील आदिवासी शिक्षक, परिचारिका व कर्मचारी यांच्या पहिल्या पिढीतील अनेकजण आश्रमशाळांतून आले. प्रश्न या लाभाचा नसून त्याच्या किमतीचा आहे.

७. आलापल्लीपलीकडील पावसाळा

आलापल्लीपासून सुमारे साठ किलोमीटरवर हेमलकसा आहे. बाबा आमटे यांच्या प्रेरणेने २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे, डॉ. मंदाकिनी आमटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम आरोग्यसेवा आणि १९७६ पासून निवासी शाळा चालविली. त्या काळात पावसाळ्यातील कित्येक महिने नाल्यांना व नद्यांना पूर येऊन या भागाचा आलापल्लीशी संपर्क तुटत असे. भामरागडजवळची पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की शेकडो गावांची वाट बंद होते, हा अनुभव पुढील काळातही आला आहे.

विदर्भातील शैक्षणिक वर्ष जूनच्या अखेरीस सुरू होते. त्याच सुमारास पाऊस लागतो आणि शेतीची कामे सुरू होतात. म्हणजे पहिलीतील मूल प्रथमच घराबाहेर पडते नेमके त्या दिवसांत, जेव्हा आईवडील शेतात गुंतलेले असतात आणि वाटाही बंद असतात. रॉबर्टसन यांच्या अवस्थांचे निरीक्षण अधिक लहान मुलांवर आधारित होते, हे लक्षात घेऊनही असे म्हणता येते की, वियोगाचे सर्वांत कठीण आठवडे आणि भेटीची सर्वांत कमी शक्यता यांचा येथे संयोग होतो. मूल शाळेतून पळून जाणे ही आश्रमशाळांतील जुनी तक्रार आहे. अभिलेखात तिची नोंद 'गळती' किंवा 'अनुपस्थिती' अशी होते. अनुबंधाच्या भाषेत तोच प्रतिकार आहे आणि घराची वाट आठवणारे मूल अद्याप आशा सोडलेले नाही, असाही त्याचा अर्थ होतो. सहा महिन्यांनी तेच मूल रडेनासे होते, तेव्हा ते 'रुळले' असे म्हटले जाते. ते खरोखर रुळले की अलिप्त झाले, हे हजेरीपटावरून कळत नाही.

हेमलकशाच्या रचनेतील दोन वैशिष्ट्ये या दृष्टीने नमूद करण्यासारखी आहेत. पहिले, कार्यकर्त्यांनी स्वतः माडिया भाषा आत्मसात केली. दुसरे, दवाखाना व शाळा एकाच परिसरात होती. उपचारासाठी येणारे गावकरी आणि नातलग शाळेच्या आवारापर्यंत पोहोचत आणि घर व शाळा यांच्यात माणसांची ये-जा राहत असे. याशिवाय वर्षानुवर्षे तेच चेहरे तेथे राहिले. सातत्य, भाषा आणि ये-जा ही तीन तत्त्वे निवासी शाळेतही टिकविता येतात, हे यावरून दिसून येते.

८. प्रौढांचा व्यामिश्र विचार : मेंढा (लेखा) येथील अनुभव

व्यामिश्र विचार हे उच्चशिक्षिताचेच लक्षण आहे, असा समज अनेकदा आढळतो. गडचिरोली जिल्ह्याच्याच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा इतिहास या समजाला छेद देतो. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने १९८० च्या दशकापासून या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धती स्वीकारली. ग्रामसभा निर्णय घेते आणि अभ्यासगट प्रश्नाच्या सर्व बाजू समजून घेतो, असे दोन स्वतंत्र मंच तेथे आहेत. बहुमताने निर्णय केल्यास विरोधी मत पराभूत होते. सर्वसहमतीत ते ऐकून, पेलून, निर्णयात सामावून घ्यावे लागते. रीगल यांनी सांगितलेली द्वंद्वात्मकता ती हीच. २००९ मध्ये वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला.

मेंढ्याच्या या प्रक्रियेच्या आरंभकाळात गावाचे गोटूल पुन्हा उभारण्याचा प्रसंग घडला होता. त्यासाठी वापरलेल्या सागवानावरून वनखात्याशी संघर्ष झाला, तरीही गोटूल उभे राहिले. ज्या गावाने पुढे जंगलाच्या मालकीसारख्या गुंतागुंतीच्या कायदेशीर प्रश्नाचा अभ्यास केला, त्याने आधी एकत्र बसण्याची आपली जुनी जागा राखली, हा क्रम अर्थपूर्ण आहे. येथील चर्चा गोंडी व मराठी अशा दोन्ही भाषांशी परिचित प्रौढांमध्ये होत असे. त्यांच्या अनुबंध शैलींचे मापन करण्याचा हा प्रयत्न नाही. सुरक्षित आधारस्थान हे केवळ व्यक्तीचे नसून समूहाचेही असू शकते, एवढेच या उदाहरणावरून सुचविता येते. घरापासून व भाषेपासून तुटल्याखेरीज प्रगल्भ विचार शक्य नाही, हे गृहीतक येथे टिकत नाही.

९. चर्चा

कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये तेथील मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांविषयी आपला अंतिम अहवाल दिला. ऑस्ट्रेलियातील अशाच स्वरूपाचा अहवाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तेथील बळजबरी, कुटुंबसंबंध तोडण्याचा हेतू आणि भारतीय आश्रमशाळांचा कल्याणकारी उद्देश यांत मूलभूत अंतर आहे. दोहोंना एका मापाने मोजणे ऐतिहासिकदृष्ट्या चुकीचे ठरेल. तथापि हेतू भिन्न असला तरी सहा वर्षांच्या मुलाचा अनुभव काही अंशी समान असू शकतो, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

माडिया मुलाचा वियोग दुहेरी असतो. आईवडील त्याला दिवाळीत व उन्हाळ्यात भेटतात. भाषा मात्र शाळेच्या उंबरठ्याबाहेर राहते. वर्गात माडिया बोलणे चुकीचे ठरते, पाठ्यपुस्तकात ती नसते आणि काही वर्षांनी मूल घरी जाऊन शाळेतले काही सांगू पाहते तेव्हा त्यासाठी माडियात शब्द नसतात, तर आजीने सांगितलेले शाळेत सांगण्यासाठी मराठीत शब्द नसतात. परिणामी आठवणींची भाषा आणि विचारांची भाषा वेगळी पडते. प्रौढपणी आपल्या आयुष्याचे सुसंगत कथन करण्यासाठी या दोहोंमध्ये पूल लागतो. तो नसल्यास दोन शक्यता उरतात : बालपणाचा संपूर्ण नकार किंवा त्याचे भाबडे उदात्तीकरण. प्रौढ अनुबंध मुलाखतीच्या परिभाषेत ही दोन्ही असुरक्षित कथने आहेत. आदिवासी सुशिक्षितांच्या लेखनात व चळवळीत मातृभाषेचा आग्रह इतका तीव्र का असतो, याचे एक उत्तर येथे सापडते. त्या आग्रहात अस्मितेचे राजकारण आहे, तसेच तुटलेले कथन जोडण्याची गरजही आहे.

२०१९ मध्ये धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिच्या नावात 'गोटूल' हा शब्द योजला. आठ दशकांपूर्वी मार्लवाईत जे घडले, त्याच दिशेचा हा प्रयत्न आहे. दुसरीकडे आदिवासी मुलांना शहरांतील नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठविण्याची शासकीय योजना अमलात आली, आणि २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार शासनस्तरावर पुढे आला. या दोन्हींच्या चर्चेत पुन्हा अंतर आणि पटसंख्या हीच परिमाणे प्रमुख राहिली. बारा-चौदा वर्षांच्या मुलाने स्वेच्छेने दूर शिकावयास जाणे आणि सहा वर्षांच्या मुलास दूर नेणे यांत गुणात्मक फरक आहे. धोरणाने हा फरक वयाच्या अटीत उतरविला पाहिजे.

१०. निष्कर्ष

१) प्रौढांची व्यामिश्र विचारक्षमता ही केवळ बुद्धी वा पदवी यांवर अवलंबून नसून अनिश्चितता सोसण्याच्या भावनिक सामर्थ्याशी निगडित आहे. त्या सामर्थ्याचा पाया बालपणीच्या अनुबंधात असतो, मात्र तो पुढील आयुष्यातही दुरुस्त होऊ शकतो.

२) माडिया समाजातील अनुबंधाचे स्वरूप अनेक व्यक्तींचे, गावाचे व भाषेचे जाळे असे आहे. आई-मूल या एकाच नात्याच्या मापाने त्याचे मूल्यमापन अपुरे ठरते.

३) मार्लवाई व कोसबाड येथील प्रयोगांनी शाळा मुलाकडे नेण्याचा मार्ग आश्रमशाळांच्या विस्तारापूर्वीच दाखविला होता. निवासी शाळा हा एकमेव पर्याय नव्हता. तो प्रशासकीयदृष्ट्या सोयीचा पर्याय होता.

४) निवासी शाळेतील वियोग माणसांपासूनचा व भाषेपासूनचा असा दुहेरी असतो. इयत्ता चौथीपर्यंत गावातच शिक्षण, माडिया जाणणारे शिक्षक, लहान मुलांसाठी स्थायी सांभाळकर्त्या आणि पावसाळ्यापूर्वी पालकांसह काही दिवसांचा प्रवेशकाळ या उपायांनी तो सौम्य करता येईल.

५) आलापल्लीच्या नैसर्गिक वनाचा एक भाग अस्पर्श ठेवण्याचा निर्णय तत्कालीन व्यवस्थेला घेता आला, कारण एकदा तुटलेले वन पुन्हा तसेच उभे राहत नाही, हे तिला उमजले होते. त्या वनात राहणाऱ्या बालकांच्या अनुबंधांविषयीही तीच समज शैक्षणिक धोरणात येणे आवश्यक आहे.